पोषणाचं व्याख्यान पुरे, रोज खेळाचा तास द्या

सप्टेंबर हा आपल्याकडे ‘राष्ट्रीय पोषण महिना’. तो जवळ आला की डॉक्टरांना शाळांची निमंत्रणं येऊ लागतात. विषय ठरलेला: ‘बालवयातील स्थूलता : आहार व व्यायाम’. पाऊण तास भाषण, थोडी प्रश्नोत्तरं, शाल-श्रीफळ. मुलं तासभर मांडी घालून बसलेली असतात. भिंतीवर पोस्टर स्पर्धेची चित्रं. एका बाजूला बर्गर आणि त्यावर लाल फुली, दुसऱ्या बाजूला सफरचंद आणि दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी. कार्यक्रम संपला की मुलांना रांगेत खाऊ वाटतात. वेफर्सचं पाकीट आणि गोड ज्यूसचा डबा!

हसू येतं, पण मला यात गंमत वाटत नाही. मुलांची स्थूलता रोखण्याच्या नावाखाली शाळांत जे चालतं त्यातलं बरंचसं निरुपयोगी आहे, आणि ज्याचा थोडा तरी उपयोग होतो ते करायची तयारी कुणाची नाही. हे मी स्पष्टच लिहिणार आहे. शिक्षक मित्रांनी राग मानू नये.

आधी दवाखान्यात काय दिसतं ते सांगतो. आई मुलाला घेऊन येते ती वजनासाठी नाही, मानेसाठी. “डॉक्टर, याची मान काळी पडलीय, कितीही घासली तरी मळ जात नाही.” तो मळ नसतो. मानेवर, काखेत कातडी जाड, मखमली आणि काळपट होते, तिला ‘अकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ती बऱ्याचदा पहिली बाहेर दिसणारी खूण असते. अशा मुलाची सोनोग्राफी केली तर पुष्कळदा फॅटी लिव्हरही सापडतं. वय अकरा, बारा. कृपा करून ती मान दगडाने घासू नका, तपासणी करून घ्या.

हे फक्त श्रीमंतांच्या घरातलं दुखणं आहे, असं मानायचे दिवस गेले. २०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभर मुलांचं पोषण सर्वेक्षण केलं. त्यात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मुलांची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात चार. त्यातली सगळी काही गुटगुटीत नसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं जे संशोधन केलं, त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाला कमी, पण त्या मानाने चरबीला जास्त असतात. दिसायला किडकिडीत, आतून स्निग्ध! म्हणून “आमच्याकडे कुपोषण हाच प्रश्न, स्थूलतेचं काय घेऊन बसलात?” हा युक्तिवाद मला पटत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हे खरं आहे. पण लहानपणी उपासमार झालेलं मूल पुढे स्वस्त तेल-साखर-मैद्यावर वाढलं की मधुमेहाचा धोका जास्तच. दोन्ही प्रश्न एकाच मुलाचे असू शकतात.

आता शाळेतल्या कार्यक्रमांचा उपयोग किती होतो ते बघू, कारण हे तपासलं गेलेलं आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम आणि आसपासच्या ५४ प्राथमिक शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत वर्षभर रोज अर्धा तास जादा हालचाल, पालकांसोबत स्वयंपाकाच्या कार्यशाळा, अ‍ॅस्टन व्हिला या नामांकित फुटबॉल क्लबबरोबर सहा आठवड्यांचा उपक्रम, घरी माहितीपत्रकं. आपल्याकडच्या एका भाषणापेक्षा कितीतरी जास्त. २०१८ साली निकाल छापून आला: दोन्ही गटांतल्या मुलांच्या बीएमआयमध्ये दखल घ्यावी असा फरक नाही. त्याआधी अमेरिकेत मूलनिवासी जमातींच्या ४१ शाळांत तीन वर्षं असाच प्रयत्न झाला होता. मुलांचं आहाराचं ज्ञान वाढलं, शाळेच्या जेवणातली चरबी कमी झाली. मुलांच्या अंगावरची चरबी होती तेवढीच राहिली.

मग सगळं सोडून द्यायचं का? नाही. असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर (कॉक्रेन नावाची संस्था हे काम चोख करते, तिचा ताजा आढावा २०२४ चा आहे) पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत हालचाल वाढवणाऱ्या कार्यक्रमांनी बीएमआय थोडासा कमी झालेला दिसतो. नुसत्या आहाराच्या कार्यक्रमांनी जवळजवळ काहीच नाही. थोडासा म्हणजे खरंच थोडासा, त्यात फुगवून सांगण्यासारखं काही नाही. पण आपण नेमकं उलटं करतो. आहारावर भाषण देतो आणि खेळाचा तास कापतो.

साधा हिशेब करा. ३० किलो वजनाचं मूल अर्धा तास मनसोक्त पळापळ करून साधारण १०० कॅलरी खर्च करतं. वेफर्सच्या ३० ग्रॅमच्या पाकिटात १६० च्या आसपास कॅलरी असतात. पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये पाच-सहा चमचे साखर, म्हणजे आणखी शंभर. खेळून आलेल्या मुलाच्या हातात बक्षीस म्हणून हे ठेवलं की हिशेब तिथेच फिसकटतो. व्यायामाने वजन पटकन उतरत नाही, हे पालकांनी मनाशी पक्कं करावं. तरीही मूल रोज खेळलंच पाहिजे. वजनाचा काटा न हलताही इन्सुलिन जास्त चांगलं काम करतं, हाडं भरतात, झोप लागते, दम टिकतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. रोज, बरं का.

आणि आपल्या शाळांत? आठवड्याला पीटीचे दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटं. त्यातली दहा मिनिटं जिना उतरून रांग लावण्यात, पाच हजेरीत, थोडी ‘सावधान-विश्राम’मध्ये. उरलेल्या वेळात साठ मुलांत एक चेंडू. जी आठ-दहा मुलं मुळातच चपळ आहेत ती खेळतात, बाकीची कट्ट्यावर बसतात. जिला खरी गरज आहे ती जाडजूड मुलगी तर हमखास कट्ट्यावर, कारण पळाली की मागून कुणीतरी हसतं, आणि कधीकधी सरही त्यात सामील होतात. सहामाही जवळ आली की तोही तास गणिताला जातो. सातवी-आठवीनंतर मुलींचं मैदान तर जवळजवळ सुटतंच. “आता मोठी झालीस” एवढं कारण पुरतं. त्या वयात वजन झपाट्याने वाढतं आणि पाळीच्या तक्रारी घेऊन त्या आमच्याकडे येतात.

“मार्कांचं काय?” हा पालकांचा प्रश्न. परदेशात शाळांनी इतर विषयांचा वेळ कमी करून खेळाला दिला, तेव्हाही मुलांचे गुण घसरले नाहीत, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उलट खेळून आलेलं मूल वर्गात जास्त लक्ष देतं, हे कुठलीही जुनीजाणती शिक्षिका सांगेल.

आता खाण्याचं. इथे भाषणाची गरजच नाही, नियम तयार आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड हद्दपार करायला सांगितलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अति चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. तुमच्या मुलांच्या शाळेबाहेर उभं राहून एकदा ५० मीटर चाला आणि मोजा! सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कशात किती साखर आहे ते दाखवणारा फलक. चांगलं आहे. पण त्याच फलकाखाली कॅन्टीनवाला कोल्ड्रिंक विकणार असेल तर मुलं फलक वाचणार की बाटली घेणार?

गाडीवाल्यावर माझा राग नाही, त्याला घर चालवायचं आहे. त्याच गाडीवर उकडलेल्या शेंगा, फुटाणे, पेरू, काकडी, कणसं विकता येतात. एके काळी तेच असायचं. शाळेने त्याच्याशी बसून बोलावं. राग आहे तो क्रीडादिनाला चॉकलेटी पावडरीच्या कंपनीचा बॅनर लावणाऱ्या व्यवस्थापनांवर. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री कंपन्यांना सांगितलं, आणि आपण त्यांच्याच हस्ते पदकं वाटतो.

घरच्यांना सुटका नाही. वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं, डब्यात रोज जॅम-ब्रेड नाहीतर नूडल्स, आणि “वाढतं वय आहे, खाऊ दे” म्हणणारी आजी. आजीचं म्हणणं पूर्ण चूक नाही. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं, मोठ्यांसारखं डाएट तर मुळीच करायचं नसतं. बहुतेक मुलांत वजन उतरवण्याची घाई नको. वजन स्थिर ठेवलं आणि उंची वाढू दिली की बीएमआय आपोआप खाली येतो. मात्र मोजमाप हवं. मोठ्यांचे २३-२५ चे आकडे मुलांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलगा-मुलगी वेगळे, ते डॉक्टरांकडून भरून घ्या. शाळेत वजन करायचं असेल तर एकेकाला बाजूला घेऊन करा, आकडा बंद पाकिटात पालकांना द्या. वर्गासमोर मोठ्याने वाचलेला आकडा मुलं पुढे अनेक वर्षं विसरत नाहीत, आणि मैदान मात्र दुसऱ्या दिवशीच सोडतात.

पुढच्या पालकसभेत मार्कांचं बोलून झालं की विचारा: माझं मूल या आठवड्यात किती मिनिटं पळालं? पीटीचा तास दुसऱ्या विषयाला का दिला? कॅन्टीनमध्ये काय विकायचं हे कोण ठरवतं? उत्तर तोंडी नको, लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केलं आहे. बऱ्याच शाळांत ते आहेही, फक्त संध्याकाळी त्याला कुलूप असतं आणि लग्नसराईत भाड्याने जातं. मुलं मात्र सोसायटीतल्या ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ या पाटीखाली मोबाइल घेऊन बसतात. पाच ते सात फाटक उघडं ठेवायला एक शिपाई, दोन दिवे आणि चार-पाच चेंडू लागतात. पालकांनी वर्गणी काढली तर डोईजोगता खर्च एका पिझ्झाइतकाही येणार नाही.