शिक्षकाला वर्गात राहू द्या

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी एका शासकीय कामावर बहिष्कार घातला. ‘नवभारत साक्षरता कार्यक्रमा’साठी पंधरा वर्षांवरील निरक्षरांचा घरोघरी जाऊन शोध घेण्याचे ते काम होते. बहिष्काराची वार्ता येताच नेहमीचा सूर उमटला. भरघोस वेतन, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी आणि वर साक्षरतेसारख्या पवित्र कार्यालाही नकार! हे सर्वेक्षण अशैक्षणिक काम आहे, ते शिक्षकांच्या माथी का, हा संघटनांचा प्रश्न मात्र फार थोड्यांनी नीट ऐकून घेतला.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर खेड्यातील प्राथमिक शाळेकडे पाहावे लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वर्ग चार किंवा पाच आणि गुरुजी दोन. त्यांपैकी एक सर्वेक्षणासाठी वाड्या-वस्त्यांवर गेला की दुसऱ्याने सारी शाळा सांभाळायची. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, शिजलेल्या अन्नाची चव घेऊन नोंद करायची, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, युडायसची माहिती संगणकावर चढवायची. तेवढ्यात पंचायत समितीकडून ‘आजच्या आज’ पाठवावयाच्या माहितीचा निरोप येतो. मतदारयादीचे काम अंगावर असेल तर शाळा सुटल्यावरही उसंत नाही. या सर्वांतून उरलेल्या वेळात मुलांना वाचायला आणि भागाकार करायला शिकवायचे. मग एखाद्या पाहणीत पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता आला नाही की जाब पुन्हा गुरुजींनाच विचारायचा!

वास्तविक या विषयात कायद्याचे मौन नाही. ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात स्पष्ट केले की, मतदारयाद्यांचे व निवडणुकीचे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावे. अध्यापनाच्या दिवशी, अध्यापनाच्या वेळेत त्यांना सामान्यतः त्या कामाला जुंपू नये. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवून इतर अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमण्यास मनाई केली. त्याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन बंधनकारक केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांचा वेळ अध्यापनाशी संबंध नसलेल्या कामात जाऊ नये, असे नि:संदिग्धपणे म्हटले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनानेही शैक्षणिक व अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला.

न्यायालय बोलले, संसद बोलली, धोरण बोलले, शासन निर्णयही निघाला. तरीही तक्रार कायम का? कारण प्रशासनाच्या दृष्टीने शिक्षक ही एक मोठी सोय आहे. प्रत्येक वाडीपर्यंत पोहोचलेला, लिहिता-वाचता आणि वरून आलेला आदेश सहसा न मोडणारा असा दुसरा शासकीय सेवक खेड्यात शोधूनही सापडत नाही. नवी योजना आली की नवे मनुष्यबळ नेमण्याऐवजी एक परिपत्रक काढणे सोपे पडते. त्या परिपत्रकाची किंमत तिजोरीतून जात नाही. ती एका मुलाच्या बुडालेल्या तासातून जाते आणि त्या तासाचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, शिक्षकाने गावाच्या कारभारात लक्ष घालणे ही आपली जुनीच परंपरा आहे. त्यासाठी महात्मा जोतीराव फुले यांच्या १८८२ च्या निवेदनाचाही दाखला देता येईल. हंटर आयोगापुढे मांडलेल्या त्या निवेदनात, शिक्षकाला गावच्या हिशेबतपासनीसाचे, दस्तनोंदणीचे किंवा टपालाचे काम द्यावे, असे त्यांनी सुचविले होते, हे खरे आहे. परंतु ही सूचना त्यांनी शिक्षकाचा गावातील दर्जा उंचावा आणि लोकांवर त्याचा चांगला प्रभाव पडावा, यासाठी केली होती. त्याच निवेदनात त्यांनी प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये वेतन असावे, असाही आग्रह धरला होता. जोतीरावांना शिक्षक गावात सन्मानाने उभा राहिलेला हवा होता. आजच्या कामांनी त्याचा मान वाढत नाही. तो सर्व खात्यांचा बिनपगारी कारकून मात्र होतो.

म्हणूनच संघटनेची आवश्यकता निर्माण होते. राज्यघटनेने विधान परिषदेत शिक्षकांना प्रतिनिधित्व दिले आहे. महाराष्ट्रात ७८ पैकी सात जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पण हा मताधिकार माध्यमिक आणि त्यावरील संस्थांत शिकविणाऱ्यांपुरता मर्यादित आहे. अशैक्षणिक कामांचे सर्वाधिक ओझे वाहणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला तेथे मतच नाही! त्याचा आवाज वरपर्यंत नेणारे साधन संघटना हेच. शिक्षणसेवकांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत नवनियुक्त शिक्षकाला तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबावे लागे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे सहा हजारांचे मानधन सोळा हजारांवर जाण्यास फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला आणि त्यासाठी संघटनांचा पाठपुरावा व न्यायालयाचा हस्तक्षेप, दोन्ही कामी आले. मागितल्याविना न्याय मिळतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

मात्र, संघटनेला आरसाही दाखविणे आवश्यक आहे. ज्या कायद्याचे कलम २७ शिक्षक हक्काने उद्धृत करतात, त्याच कायद्याची कलम २४ आणि २८ ही शेजारचीच कलमे आहेत. कलम २४ शिक्षकाने नियमित व वेळेवर शाळेत यावे, अभ्यासक्रम पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची आकलनक्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करावे, असे सांगते. कलम २८ खासगी शिकवण्यांना मनाई करते. शाळेच्या वेळेत तालुक्याच्या गावी ‘संघटनेच्या कामासाठी’ वावरणारे पुढारी, सोयीच्या बदल्यांसाठी पणाला लागणारी संघटनाशक्ती, वर्गात हातचे राखून शिकवणीत सढळ होणारे गुरुजी, यांविषयी संघटनांचे ठराव सहसा दिसत नाहीत. वर्गातील वेळ पवित्र असेल, तर तो परिपत्रकाने हिरावला काय आणि पुढाऱ्याने हिरावला काय, अपराध सारखाच.

१९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणाऱ्या दत्तोपंत ठेंगडी यांनी श्रमिकांचे हित आणि राष्ट्राचे हित ही परस्परविरोधी नाहीत, हा विचार कामगार क्षेत्रात रुजविला. शिक्षकांच्या बाबतीत तर या दोन हितांमध्ये एक मूल बसलेले असते. ज्या मागणीने त्या मुलाचा तास वाचतो, ती मागणी राष्ट्रहिताची. ज्या वागणुकीने तो तास बुडतो, ती कितीही संघटित असली तरी स्वार्थाचीच.

हे मूल कोणाचे आहे, याचाही विचार मध्यमवर्गाने करावा. शहरातील शुल्क भरणाऱ्या पालकांच्या पाल्याचे तास बुडू लागले, तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दालनात दिसतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाचे आईबाप ऊसतोडीला किंवा रोजंदारीवर गेलेले असतात. त्याला शिकवणी नाही, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही. वर्गातील तास हीच त्याची एकमेव शिदोरी आहे. ती हिरावली जात असताना स्वस्थ बसायचे आणि समरसतेची भाषणे द्यायची, या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. अनेक शाळांचे माहिती भरण्याचे काम करण्यासाठी केंद्रशाळेच्या ठिकाणी एक माहिती-सहायक नेमता येईल. सर्वेक्षणांसाठी गावातील सुशिक्षित बेरोजगारांना योग्य मानधन देता येईल. साक्षरतेच्या कामाला निवृत्त मंडळींनी स्वयंसेवक म्हणून हात लावला, तर शिक्षकाला वर्गाबाहेर काढण्याची गरजच उरणार नाही. निवडणूक आणि जनगणना ही राष्ट्रीय कर्तव्ये शिक्षकांनी अवश्य पार पाडावीत. पण निवडणुकीच्या कामाच्या वेळेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय प्रशासनानेही पाळावा.

शिवाय एक काम गावागावांत उद्यापासून करता येण्याजोगे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने दरमहा एका वहीत दोन आकडे नोंदवावेत. शासनाच्या अशैक्षणिक कामासाठी शिक्षक किती तास वर्गाबाहेर गेले, हा पहिला. आणि शिक्षक स्वतःहून किती तास गैरहजर राहिले, हा दुसरा. पहिला आकडा घेऊन समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, दुसरा घेऊन मुख्याध्यापकांकडे. जी संघटना या दोन्ही आकड्यांना सामोरी जाईल, तिच्या मागे समाज नि:शंकपणे उभा राहील. ५ सप्टेंबरच्या हारतुऱ्यांपेक्षा शिक्षकाचा तोच खरा सन्मान ठरेल.