ताकद स्त्रीलिंगी आहे

मी दोन्ही भाषा शिकवते. उर्दूत ‘ताकत’, मराठीत ‘ताकद’. दोन्हीकडे शब्द स्त्रीलिंगी. आपल्या घरांत मात्र ती फक्त पोरांची. पोराच्या जिमला, प्रोटीनच्या डब्याला पैसे निघतात. अम्मी पन्नाशीतच खुर्चीवर नमाज पढू लागली, की आपण म्हणतो, ‘उमर झाली.’

दोष एकट्या उमरचा नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. ‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणणारे बहुधा घरकाम न करणारेच! रोजच्या त्याच कामाला शरीर सरावतं. स्नायूला वाढतं ओझं लागतं. नायगावच्या तीन मजली बीडीडी चाळींत निदान जिने तरी होते. आता टॉवर, लिफ्ट.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सर्व प्रौढांना, पासष्टीपुढच्यांनाही, आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला रेटे, भरल्या बाटल्या उचलणं. दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून. पडद्याची सबब नको. हे बंद खोलीतही होतं.

अम्मीला अर्धा तास मोकळा द्या. तेवढ्यात भांडी जिमवाल्या पोरानं घासावीत.