अंदमानची हौस आणि विमानाचं भाडं

सासूबाईंना अंदमानच्या सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळे भरून पाहायची आहे, पण विमानाचं भाडं ऐकूनच घरात बेत बारगळतो ना? भगिनींनो, बेत मोडू नका, तारखा बदला! दिवाळी-नाताळात सगळेच निघतात, म्हणून भाडं कडाडतं. घरात शाळकरी मूल नसेल, तर फेब्रुवारी उत्तम. चेन्नईपर्यंत रेल्वेनं जाऊन पुढं विमान घेतलं तर किती वाचतं, याचाही हिशेब मांडा. चेन्नईहून बोटही असते. पण तिला सुमारे तीन दिवस लागतात, वृद्धांना ती दगदग नको. तिथं बेटांवर फिरायला सरकारी बोट स्वस्त पडते. काटकसर खरेदीत करा. सासूबाईंची इच्छा मात्र 'पुढच्या वर्षी'वर ढकलू नका, बरं का!