‘मुकी’ चित्रे आणि बोलघेवडी समीक्षा

आदिवासींची चित्रे म्हणजे भाषेपूर्वीची भाषा, लिपी नसलेल्या समाजाने शोधलेले शब्देविण संप्रेषण, हे विधान मराठी कलासमीक्षेत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागणे अरसिकपणाचे ठरावे. आधी चित्र, मग चित्रलिपी, मग अक्षर अशी ही शिडी; आणि आदिवासीला तिच्या खालच्या पायरीवर बसवून वर पुन्हा त्याचा गौरव!

भिवपुरी ज्या कर्जत तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंढाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीपाशी, कन्हाचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. मूर्ती कोणाची, हे तो लेख सांगत नाही. कर्ता तेवढा सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच आकृती आणि अक्षर एकाच कातळावर शेजारी नांदत होती व आपापले काम वाटून घेत होती. एक दुसऱ्याचे बालपण नव्हते.

हा भिक्षुसंघाचा दाखला, त्याचा आदिवासींशी संबंध काय, असा आक्षेप येईल. तर मग डहाणू-तलासरीकडील वारल्यांचा लग्नचौक पाहावा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी पालघट देवीचा चौक काढतात आणि धवलेरी गाते. गाण्यावाचून तो विधी पुरा होत नाही. म्हणजे ज्या चित्राला समीक्षक ‘शब्देविण’ म्हणतात ते जन्मतःच शब्दांनी वेढलेले असते.

चौक ‘लिहिला’ जातो, या वारली बोलण्यावर काहींची मोठी भिस्त आहे. लिहिणे म्हटले की लिपी आली, असा त्यांचा हिशेब. परंतु ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेखाटणे; ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. उषेच्या कथेतील चित्रलेखेने राजपुरुषांची चित्रे काढली. तिने बाराखडी गिरवली असे कोणी म्हणत नाही. त्रिकोण-वर्तुळांना ‘मुळाक्षरे’ म्हणणेही तसेच सैल. वर्ण स्वतः निरर्थक असून अर्थभेद करतो. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की धड होते, पण त्या त्रिकोणाने कोणता अर्थभेद केला? शिवाय भाषा सहज नकार देते. ‘घोडा आला नाही’ हे चौकात कसे लिहिणार? भाषा नसणे हे चित्राचे वैगुण्य नव्हे. त्याला भाषेच्या मापाने मोजणे ही समीक्षेची खोड आहे.

मग हे मौन आले कोठून? 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा स्वतंत्र प्रतिभेचा चित्रकार त्यातून जगापुढे आला; 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांच्याही थोरवीला येथे बाध आणायचा नाही. परंतु कागदाबरोबर गाणे आले नाही, आणि ज्यांच्या हातचा चौक त्या सवाशिणी बहुतांशी अनामिकच राहिल्या. गाणे वगळून चित्र उचलायचे आणि नंतर त्याच्या निःशब्दतेवर भाष्य करायचे, हा उद्योग आपला आहे, वारल्यांचा नव्हे.

मराठी विभागांनीही यात हात धुऊन घेतले आहेत. धवलेरीचे गाणे ‘लोकगीत’ म्हणून एका प्रबंधात जाते, चौक ‘लोककला’ म्हणून दुसऱ्या. आणि दोन्ही एकाच रात्री, एकाच घरात घडले, याची नोंद तिसरा कोणी करत नाही.