आर्वीचा मुक्काम

आमचे बंधुराज अमेरिकेत मिनिआपोलिसला असतात. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला, "तुम्ही दोघी आलात की आपण आर्व्हीनं फिरायला जाऊ." आई म्हणाली, "आर्वीला? अरे, तिथे आता आपलं कोण राहिलंय?" आईची मावशी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला दिली होती. एवढ्या लांबून पोराला त्या मावशीआजीची आठवण व्हावी, याचे तिला मोठे कौतुक वाटले!

ही आर्वी निराळी. आर. व्ही. म्हणजे मोटार म्हणावी तर आत बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड म्हणावे तर खाली चाके. आमची पंचवीस फूट लांब होती. आत शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तिथे मुलांनी झोपायचे. जेवणाचे टेबल खाली पाडले की त्याचा पलंग होतो. जूनमध्ये तीन रात्रींसाठी भावाने ती भाड्याने घेतली आणि आम्ही सहाजण निघालो. भाऊ, भावजय, दोन भाचरे, आई आणि मी.

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही, आमच्याबरोबर गाडीत एक न बोललेला विषयही होता. २०१८ साली वडील गेले, तेव्हापासून आई साताऱ्याला माझ्याकडे असते. तिने आता कायमचे अमेरिकेत यावे असे भावाच्या मनात होते, आणि तिला परत घेऊन जायचे असे मी ठरवून आले होते. भावाच्या घरात चार शयनगृहे, आणि प्रत्येकाला दार. दोन आठवडे झाले तरी या विषयावर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

जायचे होते इटास्का स्टेट पार्कला. गाडीने साडेतीन-चार तासांची वाट. १८९१ साली राखून ठेवलेले हे मिनेसोटा राज्याचे पहिले उद्यान. बत्तीस हजार एकरांहून अधिक रान आणि शंभरावर तळी. जागेची नोंदणी एकशेवीस दिवस आधी खुली होते, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पाहता पाहता भरतात. भावाला शनिवार आणि रविवारची रात्र मिळाली, शुक्रवारची नाही. म्हणून पहिला मुक्काम जवळच्या एका खासगी तळावर झाला.

तो तळ म्हणजे आडवी पाडलेली चाळच. गाडीला गाडी लागून. प्रत्येकीला वीज, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे भोक जागेवरच. पोहण्याचा हौद होता, दुकान होते, इंटरनेटही होते. अशा तळांची एक मोठी साखळी १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्ज गावी सुरू झाली, तेव्हा रात्रीचे भाडे पावणेदोन डॉलर होते. आज तेवढ्यात जळणाची मोळीदेखील येत नाही. आणि ती मोळी तिथेच विकत घ्यायची, घरची लाकडे आणायची बंदी. त्यांतून एक हिरवा किडा पसरतो आणि अ‍ॅशची झाडे मारतो. गैरसोय म्हणाल तर कसलीच नव्हती. मुले हौदात, भाऊ फोनमध्ये, मी पुस्तकात. शेजारच्या गाडीत दूरदर्शनसंच रात्रभर चालू होता. आई तेवढी म्हणाली, "घरीच असल्यासारखं वाटतंय." ही स्तुती नव्हती.

दुसऱ्या दिवशी उद्यानात शिरलो आणि सगळा नूर पालटला. एका बिऱ्हाडापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये झाडे. प्रत्येकाला एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे. वीज होती, पण पाणी वाटेतल्या नळावर टाकीत भरून आणायचे, आणि वापरलेले पाणी गाडीच्या पोटातल्या दुसऱ्या टाक्यांत साठवायचे. त्या भरल्या की संपले! संडासाची टाकी किती भरली हे दाखवणारे दिवेही भिंतीवर असतात. भावजयीची नजर त्यांवरून हलेना. पाण्याचा ताबा मात्र आईने घेतला. विहिरीवरून पाणी आणण्यात तिचे बालपण गेलेले. एका तांब्यात तोंड, दुसऱ्यात भांडी. नातवाने दात घासताना नळ सोडला, तर आजी त्याच्या पाठीमागे उभी! दोन दिवसांत टाकी रिकामी झाली नाही, याचे श्रेय तिचे.

रविवारी मिसिसिपीचे उगमस्थान पाहिले. इटास्का सरोवरातून ती बाहेर पडते तिथे गुडघाभर पाणी आणि ओळीने मांडलेले धोंडे. मुले त्यांवरून नदी ओलांडतात. तिथल्या ओंडक्यावर समुद्रापर्यंतचे अंतर २५५२ मैल असे कोरले आहे. आता हे देखणे रूप सगळे निसर्गाचे नव्हे. १९३० नंतरच्या मंदीत सरकारी कामावरच्या तरुणांनी दलदल हटवून ते घडवले. नावही घडवलेलेच. १८३२ साली ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने स्कूलक्राफ्ट नावाच्या साहेबाला इथे आणले. ओजिब्वे लोक या सरोवराला एल्क नावाच्या मोठ्या हरणाचे सरोवर म्हणत. साहेबाने 'व्हेरिटास कापुट', म्हणजे खरे मस्तक, हे लॅटिन शब्द घेतले, त्यांचे डोके आणि शेपूट छाटले आणि मधले 'इटास्का' ठेवले. व्युत्पत्ती शिकवताना माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असले काही लिहिले असते, तर मी लाल रेघ ओढली असती!

मला तिथे आवडली ती मेरी गिब्ज. १९०३ साली, चोविसाव्या वर्षी, वडिलांच्या पश्चात उद्यानाचा कारभार तिच्याकडे आला. लाकूडवाल्यांनी नदीवर घातलेल्या बांधामुळे काठची झाडे बुडू लागली, तेव्हा दरवाजे उघडायला ती स्वतः गेली. गोळी घालण्याची धमकी मिळाली तरी ती हटली नाही. हे मी आईला सांगितले. आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि विचारले, "लग्न झालं होतं का तिचं?"

त्या रात्री सगळी निजल्यावर भाऊ आणि मी शेकोटीपाशी बसलो. दहानंतर मोठ्याने बोलायची मनाई, तेव्हा सगळे कुजबुजत. तळ्यावर लून नावाचा पाणपक्षी रडल्यासारखा ओरडत होता.

"ताई, लोक विचारतात मला. मुलगा असून आई लेकीकडे कशी?"

"लोकांनी विचारलं म्हणून तिला नेणार का तू?"

"आणि तू? तू कशासाठी ठेवून घेतेस?"

मला उत्तर सुचले नाही. सहा वर्षे आई माझ्याकडे आहे, हे मी चारचौघांत जरा अधिकच वेळा सांगते. भावाला ते ठाऊक असावे.

एवढ्यात आमच्या मागच्या खिडकीच्या जाळीतून आवाज आला. "दोघांचंही ऐकू येतंय मला. या घराला भिंती नाहीत."

आम्ही गप्प.

"साताऱ्याला तू कॉलेजात जातेस, मी दिवसभर एकटी असते. कधी बोलले नाही. इथेही तेच, फक्त बर्फ जास्त. ऑक्टोबरपर्यंत राहते मी, नातवंडांना सुट्टी आहे. थंडीच्या आत परत. आणि तू रे, लेकीकडे राहण्याची लाज तुला वाटते, मला नाही. आता झोपा. डास येताहेत आत."

सोमवारी सकाळी निघताना उद्यानातल्या मोरीवर टाक्या रिकाम्या करायच्या होत्या. हे काम भाऊ नेहमी एकटाच करी. या वेळी मी रबरी हातमोजे चढवले आणि नळीचे तोंड धरले. त्याने झडप ओढली. पाच मिनिटे दोघेही श्वास रोखून उभे होतो. मग तो नळीकडेच पाहत म्हणाला, "ऑक्टोबरात मी स्वतः घेऊन येतो तिला. महिनाभर राहीन म्हणतो." मी म्हटले, "वरची खोली रिकामी करून ठेवते."

मोजे काढून मी जवळच्या नळाकडे वळले, तोच खिडकीतून आई ओरडली, "अगं, तो नव्हे! तो नळी धुवायचा. हाताचा पलीकडे आहे. आणि साबण घ्या दोघंही."