तालमीआधी चित्रं पाहा

कामासाठी दिल्लीला येणारी मराठी माणसं कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरतात, मंत्रालयांत खेटे घालतात आणि परततात. याच रस्त्याच्या टोकाला, मंडी हाउसच्या चौकात रवींद्र भवन आहे. टागोरांच्या जन्मशताब्दीला, १९६१ साली, वास्तुकार हबीब रहमान यांनी ते उभारलं. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादम्या इथे एकत्र नांदतात. भारतीय भाषांचं ग्रंथालय, चित्रांची दालनं आणि वडाखालचं ‘मेघदूत’ हे खुलं नाट्यगृह, सगळं एकाच आवारात.

‘मेघदूत’ ही नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींची निर्मिती. हा माणूस पुण्याचा, जन्म १९२५ चा. घरात अरबी, बाहेर मराठी. मुंबईत हुसेन, सूझा या चित्रकारांच्या संगतीत ते वाढले. गच्चीवर नाटकं करायचे. विजया मेहता त्यांच्याकडे शिकल्या, सत्यदेव दुबे त्यांच्याच ‘थिएटर युनिट’मध्ये घडले. आपल्या प्रायोगिक रंगभूमीची एक मुळी अशी थेट अल्काझींपर्यंत जाते. १९६२ ते १९७७ ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते, आणि तिथे त्यांनी नटांना चित्रं बघायला शिकवलं. त्यांचं सर्वांत मोठं देणं मला हेच वाटतं.

पुण्याच्या अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी याच विद्यालयात शिकत असताना ‘इबाराकी’ या जपानी काबुकी नाटकात उभ्या राहिल्या. काबुकीत भावना ऐन टिपेला पोचली, की नट एक पवित्रा घेऊन निश्चल थांबतो. मान, नजर, बोटं, सगळं जागच्या जागी, जणू चित्रच. संवादफेकीवर पोसलेल्या आपल्या नाटकाला हे थांबणं परकं आहे, आणि म्हणूनच ते अंगात मुरवण्यासारखं आहे.

आपल्या एकांकिका स्पर्धांत मुलं जीव ओतून काम करतात. पण बघतात काय? गेल्या वर्षीची बक्षीसपात्र एकांकिका! मग प्रकाशयोजना तीच, शेवटची किंकाळीही तीच. नवं सुचायला शेजारच्या कलेत शिरावं लागतं, तिथे वेळ घालवावा लागतो.

दिग्दर्शक मित्रांनो, यंदा संहिता हातात देण्याआधी सगळ्या गटाला एक दुपार चित्रप्रदर्शनात न्या. एकेका चित्रापुढे उभं करा, घाई करू नका. मुंबईत ‘जहांगीर’ कलादालनाला तिकीटही लागत नाही.