तुघलकाचे तांबे आणि आपले दहा रुपये

सरकारचा एखादा निर्णय फसला की लोक ‘तुघलकी कारभार’ म्हणून मोकळे होतात. पण महंमद बिन तुघलकाच्या नाण्यांत नेमके काय फसले, हे व्यापाऱ्याने तरी समजून घेतले पाहिजे.

१३२७ च्या सुमारास सुलतानाने राजधानी दौलताबादेस आणली. पुढे हिजरी ७३० ते ७३२, म्हणजे इ.स. १३२९ ते १३३२ च्या दरम्यान, चांदीच्या टंक्याच्या भावाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. दिल्लीप्रमाणे दौलताबादच्या टाकसाळीतही ती पडली. त्यांवर ‘हा चालू टंका’ अशा अर्थाचा फारसी मजकूर होता. शिवाय, जो सुलतानाचे ऐकतो तो रहमानचे ऐकतो, अशी अरबीतली ताकीदही होती.

ताकीद कामी आली नाही. तसा ठसा उठवणे कारागिराला अवघड नव्हते. घरोघरी टाकसाळी झाल्या, असे इतिहासकार बरनी लिहितो. लोक सारा तांब्यात भरू लागले आणि चांदी दडवू लागले. अखेर सुलतानाने नाणी परत घेतली, बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी दिली. तुघलकाबादेत तांब्याचे ढीग लागले.

माझ्या मते कल्पना खुळी नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाने त्याआधीच कागदी चलन चालवले होते. आज आपला रुपयाही धातूच्या भावाने चालत नाही. फसली ती राखण. गिरणीचा छाप कोणीही ठाणावर मारू लागला, तर अस्सल कापडाचाही भाव पडतो. नाण्याचेही तसेच आहे.

आज आपण उलटे करतो आहोत. तेव्हा खोटे नाणे खरे म्हणून खपले. आता खरे नाणे खोटे म्हणून नाकारले जाते. आपल्या श्रीगोंद्याच्या बाजारातही दहाचे नाणे पुढे केले की ‘चालत नाही, नोट द्या’ असे ऐकू येते. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने कायदेशीर आहेत. रुपयाचे चिन्ह असलेले चालते, नसलेलेही चालते.

मोठ्या व्यापाऱ्याचे यात काही बिघडत नाही. दिवसभर सुटे पैसे जमवणारी भाजीवाली आणि हमाल मात्र अडतात. त्यांची मेहनत अफवेपायी बाद ठरवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

सुलतानाने खोट्या तांब्याचीही चांदी मोजून दिली. व्यापारी बांधवांनी निदान खरे नाणे तरी गल्ल्यात घ्यावे. एतबार टाकसाळीत पाडता येत नाही, तो दुकानाच्या उंबऱ्यावरच टिकतो.